सुरिनाम की गयाना: एकाच देशाची सुट्टी हातात असेल तर

नकाशात पाहिलं तर हे दोन देश जुळे वाटतात. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाला, अटलांटिकच्या काठी, मध्ये फक्त कोरंटाइन नदी. दोन्हीकडे वस्ती समुद्रालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि पाठीमागे जंगलच जंगल. त्या खंडाच्या मुख्य भूमीवर गाड्या डावीकडून चालतात त्या याच दोन देशांत. होळीला आणि दिवाळीला सरकारी सुट्टी असते तीही इथेच. त्यामुळे "कुठेही जा, सारखंच" असा सल्ला बरेचदा मिळतो. तो सल्ला चुकीचा आहे.

माझं मत आधीच सांगते. माणसं बघायला जायचं असेल तर सुरिनाम. जमीन, पाणी आणि प्राणी बघायला जायचं असेल तर गयाना. पहिल्यांदाच जात असाल, दहा-बारा दिवस असतील आणि मनात यातलं काहीच पक्कं नसेल, तर मी सुरिनामच सुचवेन. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

सुरिनाम हा दक्षिण अमेरिकेतला सर्वांत लहान स्वतंत्र देश. क्षेत्रफळ जेमतेम १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकसंख्या मात्र सुमारे ६ लाख. गयाना थोडा मोठा, २ लाख १५ हजार चौरस किलोमीटरचा, आणि तिथे सुमारे ८ लाख माणसं.

भारतीय माणूस कुठे कसा उरला

दोन्हीकडे आपली माणसं पोचली ती एकाच कारणाने. गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या गयानात मुक्त झालेल्या गुलामांवर लादलेली मळ्यांवरची सक्तीची राबणूक १८३८ मध्ये संपली, त्याच वर्षी ५ मे रोजी 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजं कलकत्त्याहून मजूर घेऊन तिथे लागली. डचांच्या सुरिनाममध्ये गुलामगिरी १८६३ ला संपली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबावं लागलं. ती मुदत भरली त्या वर्षी, ५ जून १८७३ ला 'लल्ला रुख' जहाजातून सुमारे ४०० भारतीय पारामारिबोत उतरले. १९१७ पर्यंत गयानात सुमारे २ लाख ३९ हजार माणसं गेली, तर १९१६ पर्यंत सुरिनाममध्ये सुमारे ३४ हजार. बहुतेक सगळी आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. गयानात काही जहाजं मद्रासहूनही गेली आणि तिथल्या कालीमाईच्या पूजेत तो दक्षिणी धागा अजून दिसतो. मराठी आडनावं शोधायला जाणार असाल तर हाती फारसं लागणार नाही.

आकड्यांवरून वाटेल की भारतीयपण गयानात जास्त टिकलं असणार. तिथे भारतीय वंशाचे लोक सुमारे ४० टक्के आहेत, सुरिनाममध्ये २७ टक्के. पण भाषेचं चित्र नेमकं उलटं आहे. गयानात घरोघरी इंग्रजी आणि तिची स्थानिक क्रियोल, म्हणजे मिश्र, बोली चालते. हिंदी-भोजपुरी उरली ती पूजेत, गाण्यांत आणि आजा-आजी, नाना-नानी अशा नात्यांच्या शब्दांत. सुरिनाममध्ये सरनामी ही भोजपुरी-अवधीतून घडलेली भाषा आजही बाजारात, घरात, रेडिओवर ऐकू येते. तुम्ही साध्या हिंदीत बोललात तर म्हातारी माणसं ओळखून उत्तर देतात, बोलणं थोडं अडखळत चालतं, पण चालतं. दीडशे वर्षं वेगळी वाढलेली आपल्याकडची एक बोली तिच्या जागी जिवंत ऐकणं मला कुठल्याही स्मारकापेक्षा मोलाचं वाटतं. ढोलक, हार्मोनियम आणि धनताल नावाच्या लोखंडी कांबीवर चालणारं 'बैठक गाना' हे तिथलं संगीत तर मुद्दाम शोधून ऐकावं.

आणि सुरिनाम फक्त भारतीयांचा देश नाही, हीच त्याची खरी गंमत. १८९० पासून डचांनी जावा बेटावरून मजूर आणले, त्यांचे वंशज आज सुमारे १४ टक्के आहेत. मळ्यांवरून पळून जंगलात गेलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज, म्हणजे मरून लोक, २० टक्क्यांच्या वर आहेत. शिवाय क्रियोल (आफ्रिकी वंशाची शहरी माणसं), चिनी, मूळनिवासी. सरकारी भाषा डच, पण या सगळ्यांना एकमेकांशी जोडते ती स्रनन टोंगो ही तिथली मिश्र बोली.

पारामारिबोत काइझरस्ट्राट रस्त्यावर ज्यूंचं सिनेगॉग आणि मशीद अगदी एकमेकांना लागून उभी आहेत. जवळच सेंट पीटर आणि पॉल यांचं भलंमोठं लाकडी कॅथेड्रल. थोड्या अंतरावर आर्य देवाकर मंदिर, आणि आत मूर्ती नाही, कारण ते आर्य समाजाचं आहे. मुंबईत १८७५ साली स्थापन झालेला हा समाज इथे एवढा रुजलाय की सुरिनामी हिंदूंमध्ये सनातनी आणि आर्यसमाजी असे दोन ठळक प्रवाह आहेत. सुट्ट्यांची यादीही बघा: १ जुलैला गुलामगिरीतून मुक्तीचा केटी कोटी, ५ जूनला भारतीयांच्या आगमनाचा दिवस, ९ ऑगस्टला मूळनिवासींचा, १० ऑक्टोबरला मरून लोकांचा.

दोन राजधान्या

पारामारिबोचा जुना भाग २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. विटांच्या जोत्यावर पांढरी लाकडी घरं, हिरवी दारं-खिडक्या, नदीकाठचा वॉटरकांट रस्ता आणि झीलँडिया किल्ला. हे सगळं पायी फिरता येतं. रविवारी सकाळी स्वातंत्र्य चौकात लोक पिंजऱ्यातले पक्षी घेऊन येतात आणि कोणाचा पक्षी जास्त गातो याची चुरस लागते. नदीपलीकडे कोमेवाइन भागातले जुने मळे सायकलवर पाहता येतात. मारिएनबुर्गच्या बंद साखर कारखान्याची गंजलेली यंत्रं पाहताना, इथे राबलेल्या माणसांचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जॉर्जटाउनलाही डचांचा वारसा आहे. शहर भरतीच्या पातळीखाली वसलेलं, त्यामुळे समुद्राला अडवणारी भिंत, कालवे आणि पाणी सोडायची लाकडी दारं, ज्यांना तिथे 'कोकर' म्हणतात. सेंट जॉर्ज कॅथेड्रल लाकडाचंच, साडेत्रेचाळीस मीटर उंच. स्टॅब्रोक मार्केटचं घड्याळाच्या मनोऱ्याचं लोखंडी बांधकाम १८८१ चं. पण शहर म्हणून ते पारामारिबोइतकं निवांत नाही. पाकीटमारी आणि लुटालूट यांची भीती खरी आहे. अंधार पडल्यावर पायी न फिरता हॉटेलने बोलावलेली टॅक्सी घ्यावी. जॉर्जटाउनला मी दोन दिवस देईन, पारामारिबोला चार.

एका बाबतीत मात्र गयाना पुढे आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री जॉर्जटाउनहून पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने दिव्यांनी मढवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघते. लक्ष्मीचे देखावे असलेल्या गाड्या, आणि दुतर्फा फक्त हिंदू नव्हे, सगळं गाव उभं. तारखा जुळत असतील तर दिवाळी गयानात करा आणि वर्षाचा शेवट सुरिनाममध्ये. ३१ डिसेंबरला पारामारिबोत रस्ताभर फटाक्यांच्या लांबच लांब माळा लावतात, त्यांना 'पगारा' म्हणतात.

पोटाचं काय

शाकाहारी माणसाला दोन्हीकडच्या किनारपट्टीवर अडचण नाही. सुरिनाममध्ये रोटीच्या दुकानात मसाल्याचा बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगा मिळतात, कोंबडी नको म्हणून स्पष्ट सांगायचं. बारा म्हणजे डाळीचा वडा, चटणीसोबत. गयानात डाळपुरी, भोपळ्याची भाजी, वांग्याचा चोखा, आणि आंब्याच्या आंबट चटणीबरोबर फुलौरी. धार्मिक कार्यात कमळाच्या जातीच्या मोठ्या पानावर सात भाज्या वाढतात. कोणी बोलावलं तर संकोच न करता जा.

विविधता मात्र सुरिनामची मोठी. पारामारिबोच्या ब्लाउवग्रोंद भागात जावानीज खानावळी ओळीने आहेत, तिथे साओतो सूप आणि बामी, म्हणजे नूडल्स, खावी. मांसाहारी असाल तर कंद आणि कोंबडी घालून भट्टीत भाजलेला 'पोम' चुकवू नका. गयानाचं उत्तर आहे पेपरपॉट, कसावा या कंदाच्या काळ्या अर्कात शिजवलेलं मटण किंवा बीफ, खास नाताळचं. जंगलातल्या मुक्कामी दोन्हीकडे मासे आणि कसावा हाच आहार, तेव्हा शाकाहार आधीच कळवून ठेवा आणि थोडा कोरडा खाऊ बरोबर ठेवा.

जंगल आणि पाणी

इथे पारडं गयानाकडे झुकतं, आणि चांगलंच झुकतं. पोटारो नदीवरचा कायतूर धबधबा २२६ मीटर एका झेपेत कोसळतो. आपला जोग उंचीला त्याहून थोडा जास्त, पण जोगचं रूप पावसाळ्यापुरतं, तर कायतूरला बारमाही नदीचं सगळं पाणी एकत्र पडतं. कड्यावर कठडा नाही, दुकानं नाहीत, गर्दी नाही. तिथल्या मोठ्या ब्रोमेलियाड वनस्पतींच्या पानांत साठलेल्या पाण्यात नखाएवढे सोनेरी बेडूक राहतात. जॉर्जटाउनच्या ओगल विमानतळावरून छोट्या विमानाने तासाभरात पोचता येतं. पण पुरेसे प्रवासी जमले नाहीत किंवा ढग उतरले की उड्डाण रद्द होतं. म्हणून कायतूर सहलीच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे हुकलं तर दुसरी संधी उरते.

त्याच्या दक्षिणेला इवोक्रामाचं ३ लाख ७१ हजार हेक्टरचं जंगल, आणि पुढे रुपुनुनीचा गवताळ प्रदेश: राक्षसी पाणमांजर, मुंगीखाऊ, अरापायमा मासा. सुरामा, रेवा अशा गावांत मूळनिवासी लोक स्वतःच पाहुण्यांची सोय करतात आणि पैसा गावातच राहतो. रुपुनुनीतल्या लेथेम गावाला रस्त्याने जायचं तर मोठा भाग मातीचा आहे, पावसाळ्यात हाल होतात. पक्षीनिरीक्षक असाल तर पुढचं वाचूही नका, गयानाचं तिकीट काढा.

सुरिनामचं जंगल कमी प्रतीचं नाही. मध्य सुरिनामचं १६ लाख हेक्टरचं अभयारण्य जागतिक वारसा आहे. पण तिथला अनुभव वेगळा. पारामारिबोहून गाडीने अत्जोनीला जायचं, तिथून लांब लाकडी होडीने सुरिनाम नदीच्या वरच्या अंगाला, खडकांमधून वाट काढत. काठावर सारामाका मरून गावं. त्यांच्या पूर्वजांनी डचांशी लढून १७६२ मध्ये तह करायला लावला आणि ते स्वतंत्र राहिले. शिवाजी महाराजांच्या डोंगरी लढाया ऐकत वाढलेल्या माणसाला त्यांची कहाणी परकी वाटणार नाही. गावात फोटो काढण्याआधी विचारायचंच, आणि नाही म्हणाले तर तिथेच थांबायचं. म्हणजे जंगलातसुद्धा सुरिनाम तुम्हाला माणसांकडेच नेतं. कासवं पाहायची असतील तर मारोवाइन नदीच्या मुखाशी गालिबी आहे, तिथे मोठी समुद्री कासवं अंडी घालायला येतात.

आता तो अपवाद

तुमच्या घरात क्रिकेट पुजलं जात असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून गयानाला जा. सुनील गावसकरांचं कसोटीतलं पहिलं शतक, ११६ धावा, मार्च १९७१ मध्ये जॉर्जटाउनच्या बोर्डा मैदानावर झालं. कर्णधार अजित वाडेकर. भारताने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली ती हीच, आणि तिच्यात मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा काढल्या. मोठे सामने २००७ पासून प्रॉव्हिडन्सच्या नव्या मैदानावर होतात, पण बोर्डा आहे तिथेच आहे. तिथून पूर्वेला बर्बीसमध्ये पोर्ट मोरांट हे उसाच्या मळ्याचं गाव. रोहन कन्हाय तिथलेच, ज्यांच्या नावावरून गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं. मुंबई-गोव्याचा याहून थेट धागा या भागात दुसरा नाही. सुरिनाममध्ये क्रिकेट जवळपास नाही, तिथे फुटबॉल. क्लॅरेन्स सीडॉर्फ पारामारिबोत जन्मला.

पैसा, विमान, ऋतू

गयानात तेलाचं उत्पादन डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि जॉर्जटाउनमधली हॉटेलं महागली. जंगलातल्या सहलीही विमानामुळे खर्चिक. सुरिनाम तुलनेने स्वस्त पडतं. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर प्रश्नच नको, ॲमस्टरडॅमहून पारामारिबोचं थेट विमान आहे, साधारण नऊ तासांचं. न्यूयॉर्क किंवा टोरोंटोकडच्यांना गयाना सोयीचं. भारतातून अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. दोन्ही देशांच्या वकिलाती दिल्लीत आहेत, प्रवेशाचे नियम त्यांच्याकडूनच विचारावेत. भाषेचा मुद्दाही आहे: गयानात इंग्रजीवर सगळं भागतं, सुरिनाममध्ये पाट्या डचमध्ये, पण शहरात इंग्रजी समजतं.

ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत दोन्हीकडे कोरडा काळ, तोच उत्तम. कासवांसाठी मात्र त्याआधी जावं लागतं.

पीतज्वराची लस दोन्हीसाठी घ्याच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि अधिकृत केंद्रावरच. प्रमाणपत्राविना तिथून थेट भारतात परतलात तर इथल्या विमानतळावर तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात. आतल्या भागात मलेरिया आहे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

तीन आठवडे असतील तर निवड करायची गरजच नाही. गयानाच्या मोल्सन क्रीकहून कोरंटाइन ओलांडून सुरिनामच्या साउथ ड्रेनला फेरीबोट जाते. पलीकडे निकेरीची भातशेती, आणि तिथून मिनीबसने पारामारिबो. या क्रमाने गेलात तर बर्बीसमधलं पोर्ट मोरांटही वाटेतच लागतं.