बोल्ट-इन रोल केज: रोजच्या गाडीत बसवून सहा महिने झाले, माझा अनुभव

रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवायचा स्टीलच्या पाइपांचा सांगाडा, आणि बोल्ट-इन म्हणजे वेल्डिंगऐवजी बोल्टने बसणारा. मला सहा पॉइंटचा, म्हणजे सहा ठिकाणी टेकणारा, पुढेही पाइप असणारा केज घ्यायचा होता पण शेवटी हाफ केज, म्हणजे फक्त पुढच्या सीटांच्या मागचा भागच घेतला आणि बरं झालं, कारण रोज गाडी चालवताना डोक्यावर हेल्मेट नसतं आणि पुढचा पाइप कपाळाजवळ असेल तर साध्या धडकेतही डोकं त्याच्यावर आपटू शकतं. पाइपवर फोम लावा म्हणतात, पण तो मऊवाला नको, एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) ८८५७ मानकवालं कडक पॅडिंगच घ्या.

किटचे पाइप एक नंबर, ४५ मिमीचे, २.५ मिमी जाड, सीमलेस (बिनजोड). पण सोबत आलेल्या बॅकिंग प्लेट (केजचे पाय फ्लोअरला जिथे बोल्टने बसतात तिथे पत्र्याला आधार देणाऱ्या प्लेट) बघून डोकं फिरलं, जेमतेम २ मिमी! एफआयएच्या नियमात किमान ३ मिमी जाडी आणि १२० चौ. सेमी क्षेत्रफळ लागतं, नाहीतर गाडी उलटली की केजचे पाय फ्लोअरच्या पत्र्यातून सरळ आरपार जाणार. मी नवीन प्लेट कापून घेतल्या, बोल्ट ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) एम८, म्हणजे ८ मिमीचे.

फ्लोअरला भोकं पाडण्याआधी खाली वाकून ब्रेक लाइन, फ्युएल लाइन आणि वायरिंग कुठून जातंय ते बघाच. कार्पेट, डांबरी शीट सगळं खरवडून पत्रा उघडा करा, गंज असेल तर तिथेच थांबा. भोकांच्या कडेला प्रायमर मारा. आठवड्याने बोल्टचा टॉर्क (घट्टपणा) चेक केला तर दोन बोल्ट सैल निघाले!

केजचे पाइप मागेच असल्याने मागच्या सीटवर आता कोणालाच बसवत नाही. आणि हो, कर्टन एअरबॅग (छताच्या कडेने खिडकीवर उघडणारी) असेल तर तिच्या वाटेत पाइप अजिबात नको.

पाइपला पाचपैकी पाच, प्लेटला शून्य.