गो आणि पोस्टग्रेस: जुना कोड दुरुस्त करावा की पीजीएक्सवर जावं?

गो भाषेच्या 'डेटाबेस/एसक्यूएल' या कोणत्याही डेटाबेससाठीच्या पॅकेजवर लिहिलेल्या कोडमध्ये हमखास राहून जाते ती लूपनंतरची एर() तपासणी, म्हणजे ओळी वाचताना एरर आली होती का हे विचारणं. पुढची ओळ आणणारं नेक्स्ट() फॉल्स देतं ते ओळी संपल्या म्हणूनही आणि मध्येच काही बिनसलं म्हणूनही. समजा १०,००० ओळींचा रिपोर्ट चालू आहे. ६,००० ओळी आल्या आणि स्टेटमेंट टाइमआउटमुळे सर्व्हरने एरर ५७०१४ (क्वेरी रद्द) पाठवली. लूप गुपचूप थांबतो, आणि अर्धाच रिपोर्ट पूर्ण समजून पुढे जातो.

दुसरी गळती क्लोज()ची. ओळ वाचणारं स्कॅन() फसल्यावर लूपमधूनच रिटर्न केलं आणि डिफर (फंक्शन संपताना आपोआप चालणारी ओळ) लावून क्लोज() केलेलं नसेल, तर ते कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात, परत येत नाही. मर्यादा २० ची असेल तर अशा २० चुकांनंतर एकविसावी क्वेरी नुसती ताटकळते.

जागेवरच दुरुस्ती करायची तर प्रत्येक क्वेरीला तीन गोष्टी हव्यात: क्वेरी()ची एरर, लगेच डिफर क्लोज(), लूपनंतर एर(). गोलँगसीआय-लिंट या कोड तपासणाऱ्या साधनातले 'रोजएररचेक' आणि 'एसक्यूएलक्लोजचेक' यातलं बरंच पकडतात, पण ते मुद्दाम चालू करावे लागतात. न तपासलेल्या एरर शोधणारं नुसतं 'एररचेक' इथे कामाचं नाही, कारण एर() मुळात बोलावलेलंच नसतं.

पीजीएक्स म्हणजे गोसाठीची खास पोस्टग्रेसची लायब्ररी. तिच्या व्ही५ मधली कलेक्टरोज() आणि फॉरईचरो() ही फंक्शन्स क्लोज() आणि एर() ही दोन्ही कामं स्वतःच करतात. कलेक्टरोज() सगळ्या ओळी मेमरीत घेतं, म्हणून मोठ्या निकालाला फॉरईचरो() बरं.

स्थलांतरातला खरा धोका वेगळाच आहे. 'डेटाबेस/एसक्यूएल'खाली पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या जुन्या 'पीक्यू' ड्रायव्हरचा एरर-टाइप शोधणारा एररर्स.ॲज() कोड नव्या ड्रायव्हरवरही बिनतक्रार कंपाइल होतो, फक्त कधीच जुळत नाही. पीजीएक्सचा टाइप पीजीकॉनमधला पीजीएरर. तो बदलायचा राहिला, तर 'हा ईमेल आधीच नोंदलेला आहे' असं सांगणारी २३५०५ (युनिक मूल्य दुसऱ्यांदा आलं) या एररची शाखा मरते आणि ग्राहकाला ५०० (सर्व्हर एरर) दिसतो. म्हणून आधी अशा सगळ्या जागा ग्रेप करा (कोडमध्ये शोधा), आणि प्रत्येकीला एरर खरोखर घडवणारी टेस्ट लिहा. मध्ये जुना पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसची कनेक्शन्स वाटून देणारा सर्व्हर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, तर प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा कॅशही बंद करावा लागेल.

मायएसक्यूएलही सांभाळायचं असेल किंवा क्वेऱ्या मोजक्याच असतील, तर जुनाच कोड नीट करा. फक्त पोस्टग्रेस आणि शेकडो क्वेऱ्या असतील, तर आमचं मत पीजीएक्सच्या बाजूने.

ट्रान्झॅक्शन पक्कं करणाऱ्या कमिट()च्या बाबतीत मात्र दोन्हीकडे तेवढीच काळजी हवी. डिफर कमिट() लिहिलं की त्याची एरर हरवते. ४०००१ (समांतर ट्रान्झॅक्शनशी टक्कर) किंवा डेडलॉक आला तर बिगिनपासून अख्खं ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा, शेवटचं स्टेटमेंट नव्हे. कमिट पाठवल्यावर कनेक्शन तुटलं तर मात्र डोळे झाकून पुन्हा चालवू नका, कारण पैसे कदाचित आधीच जमा झालेले असतात. प्रत्येक व्यवहाराला युनिक की द्या. दुसऱ्या खेपेला त्या कीवर २३५०५ आला, तर पहिला कमिट झाला होता.