‘वाइड सार्गासो सी’ : सात महिने, दोन प्रती आणि एक नाव

पुस्तकाची ओळख करून देत नाही. शार्लट ब्रॉन्टेचं ‘जेन एअर’ ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊकच असतं की जेन ज्याच्याशी लग्न करायला निघते त्या रॉचेस्टरच्या थॉर्नफिल्ड हवेलीत वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलेल्या त्याच्या वेड्या बायकोची आधीची गोष्ट जीन ऱ्हिस यांनी १९६६ साली या पुस्तकात सांगितली. ज्यांनी ‘जेन एअर’ वाचलं नाही त्यांनी आधी ते वाचावं. उलट्या क्रमानं वाचू नका. माझ्या भाचीनं तसं केलं आणि तिला जेन शेवटपर्यंत आवडली नाही.

लिहायला बसले होते ते रागानं, आणि पहिला राग पैशाचा. ३९९ रुपयांचं पुस्तक, पानं जेमतेम दीडशे. आमच्या गावात पार्सल येत नाही, दारव्ह्याला ओळखीच्या मेडिकलमध्ये ठेवून जातात. ऑक्टोबर महिना, सोयाबीनची सोंगणी चाललेली, घरातलं माणूस न् माणूस वावरात. पार्सल घरी यायला आठवडा गेला आणि ते फोडायला आणखी पाच दिवस. फोडलं तर मधला एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून बांधलेला पानांचा गठ्ठा, दोनदा बांधलेला आणि त्याच्या पुढचा फर्माच गायब. सलग ३२ पानं नाहीत. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे परतीचे सात दिवस उलटले. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. मग म्हणे, पुस्तक उघडून वापरलेलं दिसतंय. पुस्तक उघडल्याशिवाय पानं गेलीत हे कळणार कसं, एवढं एकच मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा वेगळा माणूस होता आणि तिघांनीही उत्तर दिलं नाही. शेवटी जानेवारीत ३५० रुपये मोजून दुसरी प्रत मागवली. म्हणजे हे पुस्तक मला ७४९ रुपयांना पडलं. पेन्शनीत राहणाऱ्या माणसानं हा हिशेब विसरावा असं कुणी मला सांगू नये.

आता वापराबद्दल. आमच्याकडे वाचन म्हणजे मी इंग्रजीतून वाचते आणि अंगणात बसलेल्या बायांना मराठीतून सांगते. अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, त्याचा हा उपयोग. गेल्या हिवाळ्यात शेकोटीपाशी ‘जेन एअर’ संपवलं होतं. आठ-नऊ जणी असत. जेन साऱ्यांची लाडकी झाली. गरीब, दिसायला साधी, पण मामीपुढे झुकली नाही आणि रॉचेस्टरपुढेही नाही. तिला काकाचे २०,००० पौंड मिळतात आणि ती आत्येभावंडांत चार सारखे वाटे करते, त्यावर आमच्याकडे तीन दिवस चर्चा चालली. बहिणीच्या वाट्याचं वावर ज्या घरात अजून नावावर झालेलं नाही, त्या घरच्या बाया त्या तीन दिवसांत गप्प होत्या.

त्यामुळे यंदा नवं पुस्तक काढलं तेव्हा सगळ्यांना जेनच हवी होती. जेन या पुस्तकात नाहीच. पहिल्या भागात जमैकातली मोडकळलेली हवेली आहे, १८३३ च्या कायद्यानं गुलामगिरी संपल्यावर हात रिकामे झालेले गोरे मळेवाले आहेत, आणि आंत्वानेत नावाची एकटी पोर आहे. काळ्यांना ती गोरी वाटते, इंग्रजांना ती आपली वाटत नाही. तिची एकुलती मैत्रीण तिआ, घर जळतं त्या रात्री तिच्याच तोंडावर दगड मारते आणि स्वतःच रडते. इथपर्यंत सगळ्या ऐकत होत्या. दुसऱ्या भागात नवरा आला आणि माझी थोरली जाऊ उठून उभी राहिली.

“हा आपला रॉचेस्टर नाई व. त्याले तं त्या लोकाईनं फसवलं होतं. त्यानंच जेनले सांगतलं ना?”

सांगितलं होतं खरं. पण एकाच बाजूनं सांगितलं होतं, हे तिला पटवून द्यायला मला महिना लागला, आणि त्या महिन्यात मलाही ते पुरतं पटलेलं नव्हतं. ३०,००० पौंड त्याच्या हातात पडले आणि मुलीच्या नावावर काहीच ठेवलं नाही, हे तो स्वतःच बापाला लिहितो. तिथे जाऊबाई जरा थांबल्या. “हुंडा घेतला, न् पोरीच्या नावानं दमडी नाई,” एवढंच म्हणाल्या. तरी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

खालचा मजकूर मी डिसेंबरात लिहिला होता. तो बदलत नाही, तसाच ठेवते.

“पाचपैकी दोन तारे. भाषा सुंदर आहे, पण लेखिकेनं मूळ कादंबरीशी अन्याय केला आहे. माळ्यावरच्या बाईचं नाव बर्था. शार्लट ब्रॉन्टेनं ते १८४७ साली दिलं, जग तिला त्याच नावानं ओळखतं. इथे तिला आंत्वानेत हे नवं नाव चिकटवून, नवऱ्यानं ते बदललं असा देखावा केला आहे. ज्या घरात पाहुणे म्हणून आलात तिथल्या भिंती पाडू नयेत. शिवाय नवरा तिला बर्था का म्हणू लागतो याचं कारणच कळत नाही.”

कारण कळत नव्हतं, कारण ती पानं माझ्याकडे नव्हती. गायब फर्म्याच्या आधी ती आंत्वानेत आहे. नंतर तो तिला बर्था म्हणतोय आणि ती त्याच्यावर ओरडतेय. मधलं काय झालं याचा अंदाज आमच्यातली प्रत्येक जण बांधत होती. कुणी म्हणालं, तिनं काही केलं असेल, चोरी पकडली असेल. कुणी म्हणालं, त्यांच्या धर्मात लग्नानंतर असतं तसं. कापसाचा तिसरा वेचा होईस्तोवर हाच विषय होता. नीट उत्तर मिळावं म्हणूनच दुसरी प्रत मागवली, नाहीतर मी ३५० रुपये घातले नसते.

फेब्रुवारीत ती पानं वाचली. दोन ठिकाणी दोन उत्तरं आहेत. आंत्वानेत आपल्या जुन्या दाईपाशी, क्रिस्तोफीनपाशी जाऊन सांगते की तो आता मला माझ्या नावानं हाकच मारत नाही, आंत्वानेत हे माझ्या आईचंही नाव होतं हे त्याला समजलंय. आईला घरचे अॅनेट म्हणत आणि आई वेडी झाली होती. पुढे रात्री ती नवऱ्यालाच विचारते, मला बर्था का म्हणतोस? तो म्हणतो, ते नाव मला आवडतं.

बस. तीन महिने वाट पाहिली आणि कारण निघालं एका ओळीचं. मी चिडले. शेजारची आजी मात्र चिडली नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, म्हणाली, “त्यानं तिले सांगतलं तरी, आवडते म्हून. आमाले तं तेवढंही कोनी सांगतलं नाई.”

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहितो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आजीचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्यानं तांदळात काय लिहिलं ते तिला कळलं नाही. सासूनं सकाळी हाक मारली, ती हलली नाही, दुसरीच कुणी पोरगी असेल असं तिला वाटलं. मग पाठीत धपाटा बसला तेव्हा कळलं की हे आपलं नाव. माहेरचं नाव तिनं त्या दिवशी आमच्यासमोर उच्चारलं. माझं लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली, पस्तीस वर्षं तिच्या शेजारी राहते, ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. इथे लिहू नको म्हणाली, म्हणून लिहीत नाही.

मग तिनंच विचारलं, “त्या जुन्या पुस्तकात तिचं पुरं नाव काय लिवलं आहे? पाह्य बरं.”

मी घरात गेले. माझी ‘जेन एअर’ची प्रत बी.ए.च्या वर्षातली, अमरावतीला जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलेली, पानं पिवळी पडलेली. सव्विसावं प्रकरण काढलं. चर्चमध्ये लग्न चाललंय, वकील उभा राहतो आणि रॉचेस्टरचं आधीचं लग्न झाल्याचा कागद वाचतो. त्यात नाव आहे, बर्था आंत्वानेता मेसन. आईचं नाव, आंत्वानेता. छापलेलं, स्पष्ट. ब्रॉन्टेनं स्वतः दिलेलं. त्या पानावर मी विसाव्या वर्षी पेन्सिलीनं चार ओळी अधोरेखित केल्यात, सगळ्या जेनच्या. नावाच्या ओळीवर पेन्सिल नाही. आणि गेल्या हिवाळ्यात हेच पान सांगताना लांब नाव बायांना जड जाईल म्हणून मी नुसतं “बर्था मेसन” म्हटलं होतं. निम्मं नाव मीच गाळलं होतं.

तेव्हा डिसेंबरातला माझा आरोप मी मागे घेते. ऱ्हिस यांनी बाहेरून काही आणलं नाही. जुन्या घराच्या कागदात पडून असलेलं नाव त्यांनी उचललं आणि विचारलं की हे असताना हिला सगळे बर्थाच का म्हणतात. त्या १८९० साली वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिका बेटावर जन्मल्या, सोळाव्या वर्षी इंग्लंडला आल्या, हे पुस्तक आलं तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या. आपल्याकडच्या बाईला असं माळ्यावर ठेवलेलं पाहून एवढी वर्षं ते डोक्यात राहणं मला समजतं. आणि ज्या नवऱ्यानं तिचं नाव पुसलं, त्याचं नाव या पुस्तकात एकदाही येत नाही. रॉचेस्टर हा शब्दच नाही. हे माझ्या लक्षात तिसऱ्या वाचनात आलं.

आंत्वानेत पुढे त्याला म्हणते की दुसऱ्या नावानं हाक मारून तू मला दुसरंच कुणी करू पाहतोयस, हीसुद्धा ओबियाच आहे. ओबिया म्हणजे तिकडची करणी. आमच्या अंगणात हे समजावून सांगावं लागलं नाही.

क्रिस्तोफीनबद्दल एक वापरातली सूचना. तिचं बोलणं साध्या इंग्रजीत नाही, तिकडच्या काळ्या लोकांच्या बोलीत आहे, आणि प्रमाण मराठीत सांगितलं की ती मरते. मी दोन संध्याकाळी तसा प्रयत्न केला, फसला. तिसऱ्या दिवशी तिला सरळ वऱ्हाडी बोलायला लावलं आणि ती अंगणात येऊन बसली. नवऱ्याला ती तोंडावर सुनावते, पोरीचे पैसे तिला दे न् तू जा, मी सांभाळते. तो पोलिसाचा धाक घालतो. जाताना ती म्हणते की मला लिहिता-वाचता येत नाही, दुसरं पुष्कळ येतं, आणि मागे वळून न पाहता निघून जाते. इथे आजीनं मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं.

दोष आहेत, ते सांगते. दुसऱ्या भागात सांगणारा न सांगता बदलतो. नवऱ्याचं चालू असतं, एकदम ती बोलू लागते. एकटीनं वाचताना चालतं, मोठ्यानं सांगताना फार गोंधळ होतो. दुसरा दोष माझ्या थोरल्या दिरांनी काढला, ते गणिताचे गुरुजी होते. आंत्वानेत कॉन्व्हेंटमध्ये भरतकामाच्या खाली साल घालते, १८३९. म्हणजे लग्न त्यानंतरचं. आणि ‘जेन एअर’मधला वकील म्हणतो की लग्नाला पंधरा वर्षं झाली. हिशेब १८५४ च्याही पुढे जातो, आणि ब्रॉन्टेचं पुस्तक १८४७ मध्ये छापून मोकळं झालेलं. शिवाय तिथे ती नवऱ्याहून पाच वर्षांनी मोठी, इथे कोवळी. गुरुजींचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते खोडू शकले नाही. माझं म्हणणं एवढंच की ऱ्हिसना गुलामगिरी संपल्यानंतरचेच दिवस हवे होते. हवेली जाळायला लोक येतात त्याच्याआधी सावत्र बाप नोकराणीच्या देखत सांगतो की मी मजूर आता ईस्ट इंडीजहून आणणार. आपल्या देशातून करारावर नेलेले मजूर जमैकात उतरले १८४५ साली. दरवर्षी वीटभट्टीवर जाणाऱ्या आमच्यातल्या दोघी त्या वाक्याला एकमेकींकडे पाहू लागल्या.

शेवटचा भाग एप्रिलच्या अखेरीस वाचला. तो लहानसा आहे, इंग्लंडातली थंड खोली, आरसा नाही, आपण कशा दिसतो हे तिला आता माहीत नाही. जवळ एक लाल झगा आहे, त्याचा रंग एका झाडाच्या फुलांसारखा. शब्दकोश पाहिला तर तो गुलमोहर निघाला. झग्याला आधी मंद आणि मग वाढत जाणारा वास येतो, त्यात चाफा, दालचिनी, धूळ, बहरातलं लिंबोणीचं झाड. आणि आणखी एक शब्द होता, तोही पाहिला. वाळा. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, कूलरला त्याच आठवड्यात वाळ्याच्या नव्या ताट्या बसवलेल्या. मी शब्द सांगितला आणि कुणी काही बोललं नाही, पाणी पडून भिजलेल्या ताट्यांमधून तो वास खोलीभर येतच होता. ‘जेन एअर’मधला पाऊस, धुकं, माळरान मी चाळीस वर्षं कल्पनेनं पाहिलं. कोंडलेल्या बाईचा झगा मात्र आमच्या खोलीतला होता.

आता चार तारे. पाचवा सांगणाऱ्यांच्या अदलाबदलीसाठी कापला, विकणाऱ्याचा राग त्यात धरलेला नाही. घ्यायचं असेल तर पार्सल आल्या दिवशी फोडा, हाती कितीही काम असो, आणि पानांचे आकडे शेवटपर्यंत मोजा. माझ्या पहिल्या प्रतीतल्या ३२ पानांचं मराठी मी दोनशे पानी वहीत लिहून काढलं आणि ती वही पुस्तकाला दोऱ्यानं शिवली. ती प्रत सध्या भाचीकडे आहे.

जाऊबाई अजून रॉचेस्टरच्याच बाजूच्या आहेत. तो आंधळा झाला, हात गेला, आणखी किती शिक्षा, असं म्हणतात. येत्या हिवाळ्यात ‘जेन एअर’ पुन्हा सांग म्हणाल्या. फक्त चर्चमधलं पान आलं की वकिलानं वाचलेलं नाव पुरं वाचायचं, एक अक्षर गाळायचं नाही, अशी त्यांची अट आहे.