पांढरी भुकटी दाखवून लाकडी फ्लोअरिंग घासायला लावतात, सावध राहा

पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये ४०० चौरस फुटांचं ओकचं फ्लोअरिंग ‘पॉलिश’च्या नावाखाली कायमचं खराब झालं. फसवणूक कुठे कुठे झाली ते काम संपल्यावर तपासताना उघड झालं. हीच पद्धत तुमच्या घरी वापरली जाऊ नये, म्हणून सगळं तपशीलवार देत आहोत.

पॉलिशवाल्याने सोफ्यामागे सँडपेपर फिरवला, बोटाला लागलेली पांढरी भुकटी दाखवली आणि सांगितलं, ‘‘ताई, पॉलिश संपलंय. पूर्ण घासून पीयूचे तीन हात मारावे लागतील.’’ (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश.) पांढरी भुकटी निघते ती वरच्या पॉलिशची. म्हणजे पॉलिश जागेवर आहे! ते संपलं असतं तर लाकडाचा पिवळट-तपकिरी भुसा आला असता. स्वतः खात्री करायची तर चालण्याच्या वाटेवर चार ठिकाणी पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांनीही थेंब फुगीर उभा असेल, तर लाकडापर्यंत घासायचं कारण नाही. थेंब मुरून डाग गडद झाला तरच लाकूड उघडं पडलंय. या घरात चमक गेली होती ती रोजच्या फिनाइलच्या थरामुळे. घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरने नुसत्या पाण्याने पाच-सहा वेळा पुसलं असतं तरी बराच फरक पडला असता.

खरं नुकसान पुढे झालं. हे फ्लोअरिंग अखंड ओकचं नव्हतं, इंजिनिअर्ड होतं: खाली प्लाय, वर ओकचा जेमतेम १ मिमी थर. हा थर मोजणं अवघड नाही. दाराच्या उंबऱ्यावरची धातूची पट्टी किंवा भिंतीचं स्कर्टिंग काढलं की फळीची कड दिसते. पूर्ण घासण्यात अर्धा ते एक मिमी लाकूड जातं, म्हणून थर २ मिमीपेक्षा कमी असेल तर यंत्र लावूच देऊ नका. (लॅमिनेटवर तर लाकडाचा छापील कागद असतो, ते कधीच घासत नाहीत.) इथे चक्क ग्राइंडरला चकती लावून घासलं. गोल खड्डे पडले, फळ्यांच्या कडांना प्लाय दिसू लागलं, आणि ते झाकायला गडद अक्रोडी स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) मारला. एवढं झाल्यावर दुरुस्ती उरत नाही, फळ्याच बदलाव्या लागतात.

मग डब्यांचा हिशेब. ४०० चौरस फूट म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण ८ ते १० चौरस मीटर होतात, म्हणजे तीन हातांना ११ ते १४ लिटर लागतात. आला होता ४ लिटरचा एकच डबा, बाकी सगळं थिनर. बिलात ‘टू-के पीयू’ लिहिलं होतं, पण त्यात बेस आणि हार्डनर असे दोन वेगळे डबे असतात. इथे हार्डनर नव्हताच. तिन्ही हात दुपार ते संध्याकाळ उरकले, तेव्हाच शंका यायला हवी होती. लपलेल्या कोपऱ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेला बोळा दोन मिनिटं ठेवल्यावर पॉलिश चिकट झालं, म्हणजे ते साधं एनसी लॅकर होतं. पक्कं वाळलेलं टू-के पीयू असं विरघळत नाही. दोन महिन्यांत खुर्च्यांखाली पांढरे ओरखडे उठले.

पॉलिश शाबूत असताना चमक आणायची असेल तर १५० नंबरच्या घासायच्या जाळीने (सँडिंग स्क्रीनने) हलकं खरवडून, धूळ व्हॅक्यूमने काढून दोन हात पुरतात. आधी कधी मेण लावलं असेल तर नवा हात धरत नाही, म्हणून एक चौरस फुटावर नमुना करून घ्या. वाळल्यावर नाण्याने खरवडून पापुद्रा निघाला, तर काम थांबवा.

कोटेशनमध्ये मालाचं नाव, लिटर, किती हात आणि दोन हातांमधलं अंतर लिहून घ्या. सीलबंद डबे समोर उघडायला लावा आणि रिकामे डबे घरीच ठेवून घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तिथे बॅच नंबर असलेला डबा कामी येतो.