भोक आधी पाडले, दिवा नंतर मोजला

अमेरिकेतील ओहायो राज्यात राहत्या घराच्या गॅरेजमध्ये गेली चार वर्षे मी आरव्ही-७ हे दोन आसनी विमान स्वतःच्या हातांनी जुळवत आहे. गेल्या हिवाळ्यात, लँडिंग लाइट (उतरताना धावपट्टी उजळणारे दिवे) कुठे बसवावेत या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझी ६४० डॉलरची फसवणूक झाली. रक्कम फार मोठी नाही. परंतु विक्रेत्याने विमानाच्या पंखाला जे भोक पाडायला लावले ते मी माझ्याच हाताने पाडले, याची बोच अधिक आहे.

अशा विमानात या दिव्यांसाठी मुख्यतः तीन जागा विचारात घेतल्या जातात. काउलिंगवर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर, तारा आखूड लागतात, पण इंजिनाच्या थरथरीने तंतूचे दिवे लवकर जातात, आणि तिथे सर्रास वापरला जाणारा १०० वॅटचा ४५०९ क्रमांकाचा दिवा मुळातच अवघ्या २५ तासांच्या आयुष्याचा असतो. विंगटिपमध्ये, म्हणजे पंखाच्या टोकात, पत्रा कापावा लागत नाही. मात्र दिशा मोजणारा माझा मॅग्नेटोमीटर उजव्या विंगटिपमध्ये आहे आणि दिव्याच्या तारेतून काही अँपिअर वाहू लागले की पडद्यावरची दिशा सरकते. उरली पंखाची पुढची कड, जिथे दोन रिबांमधला (पंखाच्या आतल्या फासळ्यांमधला) पत्रा कापून आत दिवा आणि वर पारदर्शक आवरण बसवतात. त्यात माझे विमान शेपटीच्या चाकाचे, म्हणजे जमिनीवर नाक वर करून उभे राहणारे. त्यामुळे उतरताना धावपट्टीवर नेमका पडणारा झोत टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, झाडांच्या शेंड्यांवर जातो.

हे सगळे मी त्या विक्रेत्याला फोनवर सांगितले आणि त्याने ते मनापासून ऐकून घेतले, किंवा मला तसे वाटले. पुढच्या कडेखेरीज दुसरी जागाच नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. त्याच्या संचातील प्रत्येक एलईडी दिवा ९,००० ल्यूमेन इतक्या प्रकाशाचा आणि ‘एफएए-मान्य’ (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने मान्य केलेला) असून असे मान्यताप्राप्त दिवे नसतील तर निरीक्षक विमानाला उड्डाणयोग्यतेचा दाखलाच देणार नाही, अशी भीतीही त्याने घातली. एफएएचा नियम ९१.२०५ मी त्यानंतर वाचला. रात्रीच्या उड्डाणासाठी लँडिंग लाइटची सक्ती त्यात केवळ भाडे घेऊन चालवल्या जाणाऱ्या विमानांना आहे, आणि हौशी बांधणीच्या विमानात या दिव्याला कसल्याही मान्यतेची अट नाही. हे वाचायला मला दहा मिनिटे पुरली. ती दहा मिनिटे मी पैसे पाठवण्याआधी काढली नाहीत. क्रेडिट कार्डाऐवजी थेट बँकेतून पैसे पाठवल्यास दहा टक्के सूट होती, आणि ती मी आनंदाने घेतली. कार्डाने दिलेल्या पैशांवर हरकत घेता येते. असे स्वतःहून पाठवलेले पैसे परत मिळवणे जवळपास अशक्य असते.

खरी हुशारी पार्सलांत होती. पहिल्या पार्सलात कापणीचा कागदी साचा, पारदर्शक आवरणे आणि कंस आले. सोबत ‘दिवे येईपर्यंत पत्रा कापून तयार ठेवा’ अशी चिठ्ठी. मी साचा डाव्या पंखाला चिकटवला, कडेने छिद्रे पाडली, पत्रा कापला आणि पुढचे दोन रविवार कानस घेऊन कडा गुळगुळीत करण्यात घालवले. दिवे आले चार आठवड्यांनी. माल परत करण्याची तीस दिवसांची मुदत मात्र पहिल्या पार्सलाच्या तारखेपासून मोजलेली होती, शिवाय बसवणीचे काम सुरू केलेला संच परत घेतला जाणार नाही, असे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते.

दिवा टेबलावर १३.८ व्होल्टच्या वीजपुरवठ्याला जोडला, तर मीटरने १.९ अँपिअर दाखवले, म्हणजे जेमतेम २६ वॅट. चांगली एलईडी एका वॅटला शे-दीडशे ल्यूमेन देते असे धरले, तरी चार हजारांच्या वर आकडा जात नाही. नऊ हजार कुठून येणार? त्याहून वाईट म्हणजे शेजारी ठेवलेल्या हातातल्या विमान-रेडिओचा स्क्वेल्च (मंद गोंगाट दाबणारी सोय) उघडून दिव्याचे बटण दाबताच १२२.८ मेगाहर्ट्झवर इतकी खरखर उठली की बोलणे कळेना. आतला स्वस्तातला वीज-रूपांतरक विमान-रेडिओच्या व्हीएचएफ पट्ट्यातच गोंगाट करीत होता. विक्रेत्याने आधी ‘तारेवर फेराइटचे (असा गोंगाट शोषणारे) मणी चढवा’ म्हटले, मग ‘तुमचा रेडिओच सदोष आहे’ म्हटले, आणि नंतर फोन उचलणे बंद केले. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे मी तक्रार नोंदवली आहे. पैसे परत येतील अशी आशा धरलेली नाही.

विमान बांधणाऱ्यांना विनामूल्य सल्ला देणारे एक वयस्क गृहस्थ पंख पाहायला आले. रिबांना धक्का लागलेला नाही, हे त्यांनी टॉर्च आत घालून तपासले आणि मग शांतपणे विचारले, “कापण्याआधी दिवा पेटवून पाहिला होतात का?” मी मान खाली घातली. त्यांच्या सांगण्यावरून मी दुसरीकडून कार्डाने पैसे देऊन एकच दिवा मागवला, आधी टेबलावर अँपिअर मोजले, रेडिओची तीच चाचणी घेतली, आणि नंतरच तो डाव्या पंखातल्या त्या भोकात बसवला. उजव्या पंखासाठीचा साचा गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला तसाच लटकलेला आहे. त्या पंखाचा पत्रा अजून अखंड आहे.