मरीन टँकमध्ये इच: कॉपर, हायपो की टँक ट्रान्सफर?

सकाळी खाऱ्या पाण्याच्या टँकचे दिवे लागतात आणि टँग माशाच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. काल रात्री ते नव्हते. मासा अजून खातोय, पण मधूनच दगडाला अंग घासतोय. हा बहुधा इच, पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आजार. ज्याच्यावर ही वेळ आली असेल त्याच्यासाठी हे लिहितोय. मी या प्रसंगातून तीनदा गेलोय. एकदा कॉपर (पाण्यात तांब्याचं औषध) वापरलं, एकदा हायपो (पाण्यातलं मीठ कमी करणं) केलं, आणि शेवटच्या खेपेला टँक ट्रान्सफर (मासा ठरावीक वेळानं नव्या टँकमध्ये हलवणं) केली. तिन्ही पद्धतींनी मासे वाचतात. जे वर्षानुवर्षं कॉपरच वापरतात त्यांच्याशी माझा वाद नाही. पण निवडायची वेळ आली तर मी कुठे झुकतो आणि का, ते सांगतो.

त्याआधी, हा इचच आहे याची खात्री करून घ्या. ठिपके सुटे सुटे, मोजता येण्यासारखे असतील आणि मासा जेवत असेल तर बहुतेक वेळा इचच असतो. अंगावर बारीक सोनेरी धुरळा, कल्ले भराभर हलताहेत, मासा पंपाच्या धारेसमोरून हलत नाही आणि उजेड टाळतोय, असं असेल तर तो वेल्वेट, वेगळाच परजीवी. त्यात मासा एक-दोन दिवसांतही जातो आणि हायपो किंवा ट्रान्सफर दोन्ही उपयोगाचे नाहीत. तिथे कॉपर किंवा क्लोरोक्विन, आणि तेही आजच. क्लाउन माशाच्या अंगावरून पांढरट चिकट साल सुटत असेल तर ब्रुकलिनेला हा आणखी एक परजीवी समजा. त्याला फॉर्मलिन लागतं. आणि पराच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी एखादी गाठ असेल तर तो लिम्फोसिस्टिस, विषाणूचा. त्यासाठी माशाला पकडूसुद्धा नका, चांगलं खायला घाला.

इच आहे हे ठरलं की पहिला मोह असतो थांबून बघण्याचा. पहिल्या खेपेला मी आठ दिवस थांबलो. खाण्याला लसूण लावला, क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी) आणून सोडली, आणि पाचव्या दिवशी टँगचं अंग खरोखरच स्वच्छ झालं. घरात सगळ्यांना आनंद झाला. पण इचचा परजीवी माशावर तीन ते सात दिवसच असतो. पोट भरलं की तो बहुधा अंधारात गळून पडतो, वाळूत किंवा दगडावर कवच धरतो आणि आत त्याची एकाची शेकडो पिल्लं होतात. म्हणजे मासा स्वच्छ दिसतो तेव्हा आजार वाळूत वाढत असतो. आमच्याकडे दुसरी लाट आली तेव्हा टँगसोबत फ्लेम एंजल मासाही ठिपक्यांनी भरला. पाण्यासाठी यूव्ही दिवा लावून, उत्तम खाणं देऊन वर्षानुवर्षं इचसोबत टँक चालवणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांचे मासे धडधाकट आहेत. पण तो रस्ता आधीपासून सुदृढ असलेल्या माशांचा आहे. आत्ता आजारी असलेल्या माशाला त्यावर सोडायला मी तरी धजावणार नाही, कारण कल्ल्यांच्या आत किती ठिपके आहेत ते बाहेरून दिसत नाही.

म्हणून दुसऱ्या लाटेच्या वेळी कॉपर. वेगळा हॉस्पिटल टँक लावला, तळ उघडा ठेवला, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकले. डिस्प्लेत, म्हणजे मुख्य टँकमध्ये, कॉपर टाकायचा विचारही करू नये, कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरतं, हे वाचणाऱ्यांना माहीतच असेल. कॉपरची बाजू भक्कम आहे. इच आणि वेल्वेट दोन्हींवर चालतं, मासा एकाच टँकमध्ये राहतो, आणि मासे जास्त किंवा मोठे असतील तर दुसरं काही व्यवहार्यच नसतं. अडचण मात्रेची आहे. चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेलं) कॉपर साधारण 2 ते 2.5 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लागतं, तर साधं आयनिक कॉपर त्याच्या दहाव्या भागाहूनही थोडं कमी, 0.15 ते 0.2. त्यापेक्षा कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. शिवाय कॉपर फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कवचातल्याला किंवा माशाच्या कातडीखालच्याला नाही. त्यामुळे मात्रा महिनाभर एक दिवसही न घसरता टिकवावी लागते. घसरली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आणि ती टिकलीय की नाही हे कळायला टेस्ट किट. माझा निर्णय खरा इथेच झाला. रात्री अकराची वेळ, टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, दहा मिनिटं थांबलो. कार्डावर दोन चौकोन शेजारी शेजारी, एक 1.5 चा, एक 2 चा. माझ्या ट्यूबमधला रंग दोन्हींसारखा दिसायचा आणि दोन्हींपैकी एकाशीही जुळायचा नाही. ट्यूबलाइटखाली तो निळसर वाटे, खिडकीशी नेला की हिरवट. पांढरा कागद मागे धरून पाहिला, मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिला. बायको म्हणाली, "अहो, हा गडद आहे, दोनच असणार." मुलगी म्हणाली, "नाही बाबा, फिका आहे." 1.5 असेल तर औषध वाया, 2 असेल तर आणखी टाकणं धोक्याचं. मी थोडं आणखी टाकलं. दुसऱ्या दिवशी फ्लेम एंजलनं खाणं सोडलं आणि चौथ्या दिवशी तो गेला.

तो कॉपरनेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. इच त्याच्या कल्ल्यांत खोल उतरला असेल. बुटके एंजल कॉपरच्या बाबतीत नाजूक असतात आणि त्यांच्यासाठी मात्रा चार-पाच दिवसांत हळूहळू चढवायला हवी, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. पण पुढचे पंचवीस दिवस रोज रात्री तीच ट्यूब, तेच दोन चौकोन आणि तोच प्रश्न. टँग वाचला. मला मात्र त्या महिन्यात एकदाही खात्रीनं सांगता आलं नाही की मी त्याला औषध देतोय की विष. आकडा दाखवणारा डिजिटल चेकर तुमच्याकडे असेल तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते, हे मान्य करतो. त्यातही तो चेकर तुमच्या प्रकारच्या कॉपरला चालतो ना ते बघा. आणि कॉपर चालू असताना अमोनिया, म्हणजे पाण्यात साठणारं विष, बांधणारं औषध घालताना फार जपून. काहींच्या संयोगानं कॉपर एकदम कितीतरी जास्त विषारी होतं.

पुढच्या खेपेला, नव्या क्लाउनच्या जोडीबरोबर इच आला तेव्हा, मी हायपोकडे वळलो. पाण्याची क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेला खारटपणा) 1.025 वरून 1.009 पर्यंत आणायची आणि चार आठवडे तिथेच ठेवायची. ही पद्धत माशाला सुखाची आहे, यात मला शंका नाही. समुद्री मासा सतत खारं पाणी पितो आणि त्यातलं मीठ बाहेर टाकण्यात त्याची बरीच शक्ती जाते. त्याच्या शरीरातल्या द्रवाचा खारटपणा समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश असतो आणि 1.009 चं पाणी जवळपास तितकंच असतं. माझे क्लाउन तिसऱ्या दिवसापासून काचेवर तोंड आपटून खाणं मागू लागले. अशक्त, खंगलेल्या माशाला मी आजही हीच पद्धत सुचवीन.

पण 1.009 म्हणजे 1.009च. 1.011 ला परजीवी तग धरू शकतो. पाणी वाफ होऊन उडतं, क्षारता चढते, आणि तुम्ही दोन दिवस घराबाहेर असाल तर महिना पाण्यात. स्विंग आर्मवर, म्हणजे हलत्या काट्याच्या क्षारता-मापकावर, विसंबू नका. रिफ्रॅक्टोमीटर लागतो आणि तोही वरचेवर कॅलिब्रेट करावा लागतो. पीएच घसरतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. वर परत आणताना घाई चालत नाही, मी आठवडा घेतला. एकूण सहा आठवड्यांच्या आसपास गेले. कमी क्षारतेतही टिकणारे इचचे वाण आढळलेत, ही टोचणी शेवटपर्यंत मनात राहिली.

तिसऱ्या वेळी, तोच टँग पुन्हा ठिपक्यांनी भरला. नव्या कोरलच्या दगडाबरोबर इच आला असावा. ब्ल्यू टँगला इच चटकन धरतो, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कळतंच. या वेळी ट्रान्सफर केली. तिच्यामागचा विचार सरळ आहे. माशावरचा परजीवी सात दिवसांच्या आत गळतोच, आणि गळलेल्याचं कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात. मग दर 72 तासांच्या आत मासा एका टँकमधून दुसऱ्या, पूर्ण कोरड्या आणि नव्या पाण्याच्या टँकमध्ये हलवायचा. गळलेले परजीवी मागे राहतात, त्यांची पिल्लं निघतात तेव्हा मासा तिथे नसतो. अशा चार बदल्या केल्या की तेराव्या दिवशी मासा इचमुक्त. औषध नाही, मात्रा नाही, रंग जुळवणं नाही. पाळायचं ते घड्याळ.

कष्ट आहेत. टँकचे दोन संच लागतात, हीटर, एअर स्टोन, पाइप सगळं दोन-दोन. एक संच वापरात असताना दुसरा धुऊन खडखडीत वाळवायचा, एक थेंबही इकडचा तिकडे जाता कामा नये. माझे टँक चाळीस लिटरचे होते. पाच वेळा भरले म्हणजे दोनशे लिटर खारं पाणी कालवलं. जैविक फिल्टर नसल्यामुळे तिसऱ्या दिवशी अमोनिया चढू लागतो, पण कॉपर नसल्यामुळे अमोनिया बांधणारं औषध इथे निर्धास्त घालता येतं. आणि मासा पुन्हा पुन्हा पकडावा लागतो. याच कारणासाठी बरेच जण या पद्धतीला नाही म्हणतात, आणि मलाही तीच धास्ती होती.

पहिल्या दिवशी मी जाळी वापरली. टँगच्या शेपटीच्या बुडाशी चाकूसारखा काटा असतो, तो जाळीत अडकला. सोडवताना मासा तडफडला आणि माझ्या बोटाला चीर गेली. दुसऱ्या बदलीला जाळी बाजूला ठेवली आणि खाण्याचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घेतला. दिवे घालवले, पाइप काढून घेतले, डबा तळाशी आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं मासा हळूच आत वळवला. डब्यातलं जुनं पाणी शक्य तितकं ओतून टाकून मासा नव्या टँकमध्ये सोडला. तिसऱ्या बदलीला डबा पाण्यात ठेवला तर तो स्वतःहून जवळ आला, बहुधा खाणं आलं असं समजून, आणि दहा सेकंदांत काम झालं. उघड्या तळाच्या टँकमध्ये मासा पकडणं आणि डिस्प्लेत दगडांमधून पकडणं यांची तुलनाच नको.

तेरा दिवसांत एकदाही मला "बहुतेक" म्हणावं लागलं नाही. बाहत्तर तास झाले की नाही याचं उत्तर हो किंवा नाही असतं. माझ्या मनातलं पारडं इथे झुकलं आणि झुकलेलंच आहे. मोठा, वीतभर टँग असेल, सहा-सात मासे असतील, किंवा वेल्वेटची नुसती शंका असेल तर कॉपरच घ्या. बाकी एक-दोन लहान-मध्यम मासे आणि सरळ इच असेल तर मी ट्रान्सफरच करीन. तिनं चपटे कृमी मात्र जात नाहीत, त्यांचा संशय असेल तर प्राझिक्वांटेल वेगळं द्यावं लागतं.

काहीही निवडलं तरी एक गोष्ट टळत नाही. डिस्प्ले टँकमधला प्रत्येक मासा बाहेर काढायचा, ज्याच्यावर एकही ठिपका नाही तोसुद्धा, आणि टँक माशांविना रिकामा ठेवायचा. कवचातून पिल्लं निघायला 72 दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, म्हणून मी 76 दिवस ठेवला. कोरल, गोगलगायी, कोळंबी तिथेच राहतील, त्यांना आणि बॅक्टेरियांना थोडं खाणं टाकत राहा. सगळे मासे पकडण्यासाठी मला अर्धी दगडांची रचना उतरवावी लागली. वाईट वाटलं, पण एक क्लाउन आत ठेवून बाकीच्यांवर उपचार करणं म्हणजे सगळं पुन्हा सुरू करणं. काढलेले मासे तेरा दिवसांनंतर कुठे राहणार याचाही आधीच विचार करून ठेवा.

आणि मासा आडवा पडलाय, आठवडाभर तोंडात काही घेतलं नाही, श्वासासाठी झगडतोय, अशी अवस्था असेल तर यांतली कोणतीच पद्धत त्याच्यावर लादू नये असं मला वाटतं. लवंगाचं तेल थोड्या पाण्यात घुसळून त्याच्या पाण्यात हळूहळू वाढवत नेलं की तो आधी गुंगीत जातो. कल्ले थांबल्यावरही त्याला बराच वेळ तसंच राहू द्यावं.

तसं नसेल, मासा अजून खात असेल, तर आज रात्रीच एक टँक काढा, धुवा आणि खारं पाणी कालवून हीटर आणि एअर स्टोन लावून ठेवा. कॉपर, हायपो, ट्रान्सफर, कशाचाही निर्णय घेतलात तरी सकाळी पहिल्यांदा तेच पाणी लागणार आहे.