कोनाच्या वादातले पेटंट अपील : एका वकिली सेवेचे परीक्षण

अमेरिकेतील पेटंट अर्ज परीक्षकाने अंतिमतः नाकारल्यावर अपिलाचे काम आम्ही ज्या कार्यालयाकडे सोपवले, त्याच्या कामाबद्दल समाधान आहे; बिलाबद्दल तसे म्हणता येणार नाही. वाद पात्याच्या कोनाचा होता. आमच्या दाव्यात, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितला त्या मजकुरात, तो पृष्ठभागापासून 50 ते 60 अंश होता आणि परीक्षकाने पुढे केलेल्या जुन्या पेटंटमध्येही नेमके हेच आकडे छापलेले असल्याने प्रकरण वरवर पाहता तिथेच संपत होते. वकीलबाईंनी मात्र त्यातील वर्णन बारकाईने वाचून तो कोन पृष्ठभागावरील लंबापासून मोजलेला असल्याचे दाखवले. म्हणजे आमच्या मापाने तो 30 ते 40 अंश भरतो आणि दोन्ही पल्ले एकमेकांना शिवतही नाहीत. परीक्षकाने आकृतीवरून मोजलेला कोनही त्यांनी खोडला, कारण आकृती मोजमापाच्या प्रमाणात काढल्याचा वर्णनात उल्लेखच नसेल तर पेटंटच्या आकृतीवरून नेमके माप काढता येत नाही, असे पेटंटची अपिले ऐकणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलेले आहे.

पल्ले थोडे जरी एकमेकांवर आले असते, तर आमच्या कोनाने जुन्या पेटंटवरून अपेक्षित नसलेले परिणाम मिळतात हे प्रयोगाने सिद्ध करावे लागले असते, हेही त्यांनी फी घेण्यापूर्वीच सांगितले होते. त्याच न्यायालयाच्या 2006 च्या अटोफिना निकालावरची लांबलचक चर्चा मात्र अनावश्यक वाटली. तिथले अंश तापमानाचे, आणि मुद्दा जुन्या मोठ्या पल्ल्यात मोडणारा लहान पल्ला नवीन ठरतो का, हा. आमच्या अपिलावरील परीक्षकाच्या उत्तराला प्रत्युत्तर देण्याची दोन महिन्यांची मुदत असूनही मसुदा आमच्या हाती अगदी शेवटच्या क्षणी आला.